दाराखालचा उजेड

ज्येष्ठ नागरिक संघातले व्याख्यान संपले, शंकासमाधान झाले, चहाही झाला. तरी ७४ वर्षांच्या एक आजी जागच्या हलल्या नाहीत. गुडघ्यांविषयी काही विचारायचे असेल असे वाटून मी त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी विचारले ते निराळेच होते.

"माझी नात वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्री दोनला पाणी प्यायला उठते, तेव्हा तिच्या दाराखाली उजेड असतो. पहाटे पाचला उठते, तेव्हाही असतोच. ताट झाकून ठेवावे, तर सकाळी तसेच असते. परवा मला म्हणाली, 'आजी, एक विषय राहिलाय, आईबाबांना सांगू नकोस.' मी सांगितलेले नाही. पण आता माझीही झोप उडाली आहे. त्या शिक्षणातले मला काही कळत नाही. मी तिला काय मदत करणार?"

एका घरात दोन माणसे जागी होती. एकीची झोप वयाने उणावलेली, दुसरीची अभ्यासाने. आणि मध्ये एक बंद दार. आजींचा प्रश्न पुष्कळ घरांतला आहे, म्हणून आजचा लेख त्यावरच.

हा अभ्यास एवढा जागवतो का?

वास्तुकलेचा पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा असतो. त्यातले एक सत्र प्रत्यक्ष वास्तुविशारदाच्या कार्यालयात उमेदवारी करण्यात जाते. १९७२च्या वास्तुविशारद कायद्यान्वये स्थापन झालेली वास्तुकला परिषद या शिक्षणाची मानके ठरवते. मात्र वर्षे जास्त म्हणून हा अभ्यास जड जातो असे नाही. गणिताचे उत्तर आले की वही मिटता येते. घराच्या आराखड्याला 'झाले' असे म्हणता येत नाही. खिडकी इकडे घ्यावी की तिकडे, हा प्रश्न कागद हातातून सुटेपर्यंत शिल्लक राहतो. त्यात नकाशे काढायचे, प्रतिकृती बनवायची, ती सांभाळत बसने कॉलेजात न्यायची आणि चार परीक्षकांसमोर उभे राहून आपण असे का केले ते सांगायचे. याला मुले 'ज्युरी' म्हणतात. पंधरा दिवसांच्या कामातले दोष पंधरा मिनिटांत सर्वांदेखत निघतात. चांगला शिक्षक दोष कामाचे काढतो; पण चार रात्री जागलेल्या मुलीला ते आपल्यातच असल्यासारखे वाटतात.

'नाइट मारणे' हा या मुलांमध्ये पराक्रम समजला जातो. शरीराचा हिशेब मात्र वेगळा आहे. या वयात सात ते नऊ तासांची झोप लागते. दिवसभर शिकलेले मनात मुरते ते झोपेत. शिवाय निजेने जड झालेल्या हातात कटरचे पाते असते. चहा-कॉफीने डोळे उघडे राहिले, तरी हात स्थिर होत नाही. आणि त्यातल्या कॅफिनचा निम्मा अंश सुमारे पाच तासांनंतरही अंगात असतो, म्हणून नंतर पडलेल्या पाठीलाही धड झोप लागत नाही.

अशा घरात चार गोष्टी ठाऊक असाव्यात. कटर पोलादी पट्टीला लावूनच चालवावा आणि पाते बोथट झाले की बदलावे. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि ते घसरते. बोट कापले तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरावा. जखम खोल असेल किंवा दहा-पंधरा मिनिटांत रक्त थांबले नाही, तर दवाखाना गाठावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारावे. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बोटे जुळली तर ओढू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवावीत. तो गोंद डोळ्यात गेला तर मात्र घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडेच जावे. आणि चिकटद्रव्ये किंवा फवाऱ्याचे रंग वापरताना खिडकी उघडी हवी. दमा असलेल्या आजोबांच्या खोलीत हे काम नको.

आजींनी काय करावे?

पहिली गोष्ट, नातीबरोबर जागू नये. तुमचे जागरण तिच्या मदतीला येत नाही. उलट 'माझ्यामुळे आजी झोपत नाही' हे आणखी एक ओझे तिच्यावर पडते. रात्रीचे आपले औषध आणि झोपेची वेळ चुकवू नये. मुगाची खिचडी, दहीभात असे एका हाताने खाता येईल ते ठेवावे आणि झोपण्यापूर्वी दार वाजवून एकदा 'झोपते गं' एवढे सांगावे.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. 'किती मार्क मिळाले?' याऐवजी 'आज काय दाखवलेस? त्यांनी काय विचारले?' असे विचारावे. पहिला प्रश्न निकाल मागतो, दुसऱ्याने बोलणे सुरू होते. शेजारच्या इंजिनिअर मुलाचे उदाहरण तर कधीच देऊ नये.

तिसरी गोष्ट त्या गुपिताची, आणि ती सर्वांत अवघड आहे. मुलगी घरात एकाच माणसाशी बोलली आहे. ते माणूस लगेच इतरांना सांगायला गेले, तर ती पुन्हा कोणाशीच बोलणार नाही. पण गुपित अनंतकाळ सांभाळणे म्हणजे तिला एकटीला सोडणेच. म्हणून मी आजींना सुचवले, "तिला म्हणा, मी सांगणार नाही. तूच सांग. पण सांगशील तेव्हा मी तुझ्या शेजारी बसेन." राहिलेला एक विषय म्हणजे आयुष्याचा निकाल नव्हे, एटीकेटीच्या नियमांनुसार तो पुन्हा देता येतो. आईवडिलांना राग येतो तो बहुधा नापास होण्याचा नसतो, लपवण्याचा असतो.

गुपित पाळण्याला अपवाद एकच. दोन आठवड्यांहून अधिक काळ खाणे, झोपणे, अंघोळ, मैत्रिणी यांतले काहीच जागेवर नसेल, 'माझ्याशिवाय सगळ्यांचे बरे चालेल' असे शब्द तोंडून येत असतील, तर स्पष्ट विचारावे, 'जिवाचे काही बरेवाईट करावेसे वाटते का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल, तर तिला एकटीला ठेवू नये, कटर-औषधे हाताशी राहू देऊ नयेत, घरच्यांना तत्काळ सांगावे आणि डॉक्टर गाठावा. तेथे वचनापेक्षा जीव मोठा.

घराबाहेरचे आधार

प्रेमाने सारे भागत नाही. यंत्रणा आहेत, आणि त्या कोणत्या हे घरातल्या एकाला तरी माहीत हवे.

पुष्कळ महाविद्यालयांत प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक मार्गदर्शक शिक्षक नेमलेला असतो. राहिलेला विषय, हजेरी, आजारपणामुळे चुकलेले सबमिशन यांविषयी पहिले बोलणे त्यांच्याशी करावे, आणि तेही मुदत उलटण्याआधी. समुपदेशकाची चौकशी करायलाही संकोच नको. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असणे आवश्यक आहे; त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक व्यवस्था करायची आहे. म्हणून 'आमच्याकडे अशी सोय आहे का?' असे न विचारता 'समुपदेशक कोणत्या वारी भेटतात?' असेच विचारावे.

केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. ती केवळ विद्यार्थ्यांसाठी नाही. काळजीने झोप न लागणाऱ्या आजीनेही तो क्रमांक फिरवावा. वसतिगृहात किंवा स्टुडिओत वरिष्ठ मुलांकडून छळ होत असेल, तर रॅगिंगविरोधी राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ ही आहे.

पैशाची चिंता मुले बोलून दाखवत नाहीत. शुल्काखेरीज कागद, छपाई, प्रतिकृतीचे साहित्य यांचा खर्च सतत चालू असतो. महाराष्ट्रात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता यांसारख्या योजनांचे अर्ज 'महाडीबीटी' या शासकीय संकेतस्थळावर करता येतात. २०२४-२५पासून, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अटी दरवर्षी तपासाव्यात आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवावा. या दाखल्याचे काम निवृत्त आजोबांनी अंगावर घेतले, तर नातीचे दोन दिवस वाचतात. वाचनाच्या अडचणीसारखी विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे संरक्षण आहे. परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलतींसाठी प्रमाणपत्र आधीच काढून घ्यावे लागते.

शिकण्याच्या संधीही वर्गापुरत्या नाहीत. केंद्र शासनाच्या 'स्वयम्' व्यासपीठावर आयआयटींमधील प्राध्यापकांचे वास्तुकलेचे अभ्यासक्रम घरबसल्या विनामूल्य ऐकता येतात. शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. १९५७ पासून चालत आलेली 'नासा इंडिया' ही वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना दरवर्षी स्पर्धा आणि संमेलने भरवते. तिच्या लुई कान चषकासाठी मुले जुन्या वास्तूंची प्रत्यक्ष मोजमापे घेऊन नकाशे काढतात.

आजीचे माजघर

आणि येथेच आजींच्या 'मला काही कळत नाही' या वाक्याला उत्तर आहे. जुन्या वाड्याचे मोजमाप घ्यायला गेलेल्या मुलीला खांबांतले अंतर टेपने मोजता येते. पण दोन खांबांमधली जागा म्हणजे 'खण' आणि घरे खणांत मोजली जात, हे वाड्यात वाढलेली आजीच सांगते. ओसरीवर कोण बसे, माजघरात बाळंतिणीची खाट कोठे असे, तुळईला पाळणा कसा बांधत, कोनाड्यात दिवा का ठेवत, हे कोणत्याच नकाशात नसते. ते सांगणारी माणसे घरात असताना मुले ते पुस्तकांत शोधतात.

दुसरा धडा आपल्या शरीराचा. सार्वत्रिक सुगम्यतेविषयी केंद्र शासनाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे विद्यार्थ्यांना अभ्यासावी लागतात. उताराचे प्रमाण १ला १२ असावे, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीसाठी १८० सेंटिमीटर लांबीचा उतार हवा, हे नात पाठ करते. पण स्टुलावरून उठताना हात नेमका कोठे टेकतो, रात्री दिव्याचे बटण कोणत्या बाजूला चाचपडतो, ओला पाय न्हाणीच्या उंबऱ्यावर कसा अडखळतो, हे तिला कोण दाखवणार? तिने आखलेल्या घरांत उद्या आपल्याच वयाची माणसे राहणार आहेत. तिला बोलवावे, टेप धरायला लावावी आणि न लाजता दाखवावे.

महिन्याभराने आजी पुन्हा भेटल्या. नातीने घरी सांगितले होते. आजी शेजारी बसल्या होत्या. वडील दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी तिच्याबरोबर मार्गदर्शक शिक्षकांना भेटायला गेले. विषय अजून सुटलेला नाही, परीक्षा व्हायची आहे. समुपदेशकांकडे ती दर बुधवारी जाते. न्हाणीत मात्र एक दांडी बसली आहे. सुताराने आधी आपल्या अंदाजाने खूण केली होती. नातीने ती पुसायला लावली, आजींना स्टुलावरून तीन वेळा उठायला सांगितले आणि हात टेकेल तेथे पेन्सिलीने रेघ मारली.

"आणि दाराखालचा उजेड?" मी विचारले.

"असतो की," आजी म्हणाल्या, "पण साडेबाराला मालवते. मी जागी नसते, तीच सकाळी सांगते."