तिसऱ्या स्तरावर खेळण्यात कमीपणा कसला?

भारतीय फुटबॉलपटू परदेशी निघाला की आपण आधी क्लबचे नाव विचारतो. नाव अनोळखी निघाले, तिसऱ्या-चौथ्या स्तरावरचे निघाले, की 'तिथे जाऊन काय मिळवणार?' हे ठरलेलेच. बायचुंग भुतियाच्या वाट्याला हे पंचवीस वर्षांपूर्वी आले आणि आजही तरुण खेळाडूंच्या वाट्याला येते.

१९९७च्या फेडरेशन चषकात मोहन बागानविरुद्ध भुतियाने हॅटट्रिक केली, तेव्हा सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाहून अधिक माणसे होती. दोनच वर्षांनी हा बावीस वर्षांचा नायक कोलकाता सोडून मँचेस्टरजवळच्या बरी एफसीत गेला. त्याआधी फुलहॅम, वेस्ट ब्रॉम आणि ॲस्टन व्हिला यांनी त्याची चाचणी घेऊन त्याला करार नाकारला होता. बरी इंग्लंडच्या तिसऱ्या स्तरावर खेळत होता आणि त्याच्या गिग लेन मैदानात जेमतेम बारा हजार माणसे मावत. ऑक्टोबर १९९९मध्ये कार्डिफ सिटीविरुद्ध भुतिया बदली खेळाडू म्हणून पहिल्यांदा उतरला. पुढे गुडघा दुखावला, क्लब खालच्या विभागात घसरला, पैशाअभावी डबघाईला आला. तीन मोसमांत ३७ सामने आणि ३ गोल एवढी नोंद घेऊन २००२ साली तो परतला.

टीकाकार या तीन गोलांपाशी थांबतात. आम्हाला ते पटत नाही. इंग्लंडच्या त्या विभागात एका मोसमात लीगचेच ४६ सामने होत. आपल्या राष्ट्रीय लीगमध्ये त्याच्या निम्मेही नव्हते. दर आठवड्याला धिप्पाड बचावपटूंचे धक्के खायचे, संघातली जागा सरावात रोज नव्याने कमवायची, आणि नाव पाहून कुणी खेळवणार नाही हे पक्के ठाऊक असायचे. ही तालीम भारतात कुठेच मिळत नव्हती. २००३मध्ये जकार्तात ईस्ट बंगालने आसियान क्लब स्पर्धा जिंकली, तेव्हा नऊ गोल करून स्पर्धेत अव्वल ठरला तो हाच भुतिया. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूही नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात २०१४पासून संधीची वाट पाहत राहिला आणि २०१६मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळला. त्याच वर्षी मुंबईत पोर्तो रिकोला ४-१ हरवणाऱ्या भारतीय संघाचा तो कर्णधार होता.

सगळ्यांनाच असे साधले नाही. सुनील छेत्रीचा क्वीन्स पार्क रेंजर्सशी झालेला करार २००९मध्ये अडला, कारण जागतिक क्रमवारीत पहिल्या सत्तर देशांत नसलेल्या भारताच्या खेळाडूला ब्रिटनने कामाचा परवाना नाकारला. संदेश झिंगन क्रोएशियात गेला आणि दुखापतीमुळे एकही सामना न खेळता परतला. पण या अडचणींपेक्षा मोठी अडचण घरातच आहे. इंडियन सुपर लीग आल्यापासून इथला पगार युरोपातल्या छोट्या क्लबांपेक्षा बरा. मग कमी पैशांत, अनोळखी गावात, बाकावर बसायला कोण जाईल? धाडस दाखवले ते मुलींनी. मणिपूरची बाला देवी २०२०मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली. मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलोनकडून २०२२मध्ये महिला चॅम्पियन्स लीग खेळली.

आता तर घरच्या पगाराचाही भरवसा उरलेला नाही. २०२५मध्ये लीगच्या व्यावसायिक हक्कांच्या करारावरून सुपर लीगचा मोसम लांबला, काही क्लबांनी खेळाडूंचे पगारच थांबवले. जुलै २०२३मध्ये जागतिक क्रमवारीत ९९वा असलेला भारतीय संघ नोव्हेंबर २०२५पर्यंत १४२वर घसरला. अशा वेळी विशीतल्या मुलाला बाहेरून बोलावणे आले, मग ते नॉर्वेच्या दुसऱ्या स्तरावरचे का असेना, तर त्याला अडवणे हा त्याच्यावर आणि देशाच्या संघावर अन्याय आहे.

म्हणून क्लबांना आमचे सांगणे आहे: तेवीस वर्षांखालील खेळाडूच्या करारात परदेशी प्रस्ताव आल्यास मोकळे करण्याची अट घाला, आणि त्यासाठी डोळे पांढरे करणारी रक्कम मागू नका. महासंघाने हे बंधनकारक करावे. आणि प्रेक्षकहो, तो मुलगा वर्षभराने एकही गोल न करता परतला, तर पहिल्याच सामन्यात त्याची हुर्यो उडवू नका.