कायद्याची शाळा कुणाची?

वस्तीतल्या तरुणांना आम्ही नेहमी सांगतो, वकील व्हा. पण कायद्याची पदवी हातात आली की माणूस आपोआप शोषितांच्या बाजूने उभा राहतो, असा एक भाबडा समज आपल्या चळवळीत आहे. तो तपासायचा असेल तर अमेरिकेतील कायदेशिक्षणाची सुरुवात पाहावी.

सुरुवातीला तिथे लॉ कॉलेज नव्हतेच. वकिलाला फी देऊन त्याच्या कचेरीत उमेदवारी करायची, कागदपत्रांच्या नकला उतरवायच्या आणि ब्लॅकस्टोनचे ग्रंथ वाचायचे. पैसा आणि ओळख असलेल्यालाच हे दार उघडे होते. पुढे कनेक्टिकटमधील लिचफिल्ड येथे टॅपिंग रीव्ह यांनी १७८४ मध्ये कायद्याची शाळा रीतसर सुरू केली. त्याआधी १७८१ मध्ये याच रीव्ह यांनी थिओडोर सेजविक यांच्यासोबत एलिझाबेथ फ्रीमन या गुलाम स्त्रीचा खटला लढवून तिला स्वातंत्र्य मिळवून दिले होते. पण त्यांच्या शाळेत शिकलेले जॉन कॅल्हून गुलामगिरीचे सर्वात कडवे समर्थक ठरले. गुरू चांगला होता, ज्ञानही होते. मात्र बाकांवर फक्त गोरे पुरुष बसले होते, आणि त्यांचे हितसंबंध त्यांच्यासोबतच वर्गात आले होते.

हार्वर्डचे लॉ स्कूल १८१७ मध्ये सुरू झाले. तिथले कायद्याचे पहिले अध्यासन आयझॅक रॉयल यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून उभे राहिले. रॉयल घराण्याची संपत्ती अँटिग्वातील उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या घामातून आली होती. न्याय शिकवणाऱ्या संस्थेचा पायाच असा! १८७० मध्ये डीन झालेल्या लँगडेल यांनी निवाडे वाचून, प्रश्न विचारून शिकवण्याची पद्धत रुजवली. पद्धत कसदार होती, पण स्त्रियांना तिथे प्रवेश मिळायला १९५० उजाडले.

मग कृष्णवर्णीयांनी काय केले? वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १८६९ मध्ये जॉन मर्सर लँगस्टन यांच्या नेतृत्वाखाली कायद्याचा विभाग सुरू झाला. तिथूनच १८७२ मध्ये शार्लट रे ही कृष्णवर्णीय स्त्री वकील होऊन बाहेर पडली. १९२९ पासून चार्ल्स ह्यूस्टन यांनी या विभागाची धुरा घेतली. ते स्वतः हार्वर्डमध्ये शिकलेले. तिथले हत्यार त्यांनी आपल्या माणसांच्या हाती दिले. रात्रीचे वर्ग बंद करून त्यांनी पूर्णवेळ अभ्यासक्रम आणला. नोकरी करून शिकणाऱ्यांना याची झळ बसली, हेही नोंदवले पाहिजे. पण त्याच वर्गातून १९३३ मध्ये थरगुड मार्शल बाहेर पडले आणि १९५४ मध्ये ब्राऊन खटल्यात शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरला.

बाबासाहेबांनीही लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी केली आणि पुढे त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ लॉ कॉलेज काढले. प्रस्थापितांच्या संस्थेत शिरणे गरजेचे आहेच. पण तिथे शिकलेले घेऊन परत कुठे यायचे, हे आधी ठरलेले असले पाहिजे.

म्हणून मित्रांनो, लॉ कॉलेजात प्रवेश घ्याच. पण पहिल्या वर्षापासून आठवड्यातला एक दिवस वस्तीला द्या. ॲट्रॉसिटीची फिर्याद कशी लिहायची, जामिनाला विरोध कसा करायचा, हे आपल्या पोरांना शिकवणारा वर्ग बुद्धविहारातही भरू शकतो. तो भरवण्याची जबाबदारी आपलीच आहे.

जय भीम!