बाबुळी, जलपर्णी आणि आपली भाषा

आम्ही दोघे मराठी शिकवतो. एक नांदेडला, दुसरा लातूरला. दोन वर्षांपूर्वी एम. ए. च्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना आम्ही नांदेडच्या नगीना घाटावर नेले आणि समोरच्या गोदावरीचे वर्णन लिहावयास सांगितले. होळी जवळ आली होती. प्रवाह थांबल्यासारखा झाला होता आणि पात्राचा बराचसा भाग जलपर्णीने झाकला होता. पाण्याला वास येत होता. आमच्या हाती जे कागद आले त्यांतील बहुतेकांत मात्र 'संथ वाहणारी गोदामाई' होती, 'निळेशार पाणी' होते, आणि ज्यांची नजर जलपर्णीकडे गेली त्यांच्याकडे 'हिरवा गालिचा' होता. एका विद्यार्थिनीने चारच ओळी लिहिल्या होत्या. नावाड्याचे वल्हे पानांत अडकते, त्यास ते सारखे उपसावे लागते, काठावर डास आहेत, आणि पाणी कोठेच दिसले नाही, असा त्यांचा आशय होता. आम्ही तिला सर्वांत कमी गुण दिले. 'विस्तार नाही, शैली नाही' असा शेराही लिहिला. त्या शेऱ्याविषयी प्रस्तुत टिपण आहे.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील, ॲमेझॉनच्या खोऱ्यातील. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली असे मानतात. पुढे तिने तेथील जलमार्ग आणि भातशेती इतकी ग्रासली की 1936 साली तिच्या निर्मूलनासाठी बंगालात स्वतंत्र कायदा करावा लागला. अनुकूल पाणी मिळाले की साधारण दोन आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होतो. तिच्या थराखाली उजेड पोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो, मासे मरतात. तिचे बी वर्षानुवर्षे गाळात जिवंत राहते. म्हणून यंत्राने उपसलेली जलपर्णी पुढल्या हंगामात परत येते.

तिचे मराठी नावच आम्हांस आता विचारात पाडते. 'जलपर्णी' हा शब्द इतका सुरेल आहे की एखाद्या मुलीचे नाव म्हणून शोभावा. कोल्हापूरकडचे लोक तिला 'केंदाळ' म्हणतात. पंचगंगेच्या काठचा हा शब्द ऐकताच नाकाला काहीतरी जाणवते. प्रमाण भाषेने मात्र सुरेल शब्द पत्करला, आणि त्यासोबत गालिचाही आला.

वृत्तपत्रांची भाषा याच्या अगदी उलट टोकाची. तेथे दरवर्षी ठरलेला मथळा असतो: नदीला जलपर्णीचा 'विळखा'. गालिचा सौंदर्य दाखवतो, विळखा संकट दाखवतो; म्हणजे विळखा अधिक खरा, असे वाटते. पण विळखा घालणारा साप बाहेरून येतो. त्या रूपकात नदी निरपराध, आपणही निरपराध, आणि सारा दोष एका परदेशी वनस्पतीचा. वास्तविक जलपर्णी जगते ती पाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर. ही द्रव्ये शहरांच्या सांडपाण्यातून आणि शेतांतून वाहून आलेल्या खतांतून येतात. त्यात बंधाऱ्यांनी प्रवाह अडला की तिला हवे ते सर्व मिळते. गालिचा आणि विळखा ही दोन्ही रूपके नाला झाकतात, म्हणून दोन्ही खोटी.

खरे रूपक आपल्यापाशी सातशे वर्षांपासून आहे. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायेचे स्वरूप सांगताना ज्ञानेश्वर 'बाबुळी'चा दृष्टान्त देतात. बाबुळी म्हणजे पाण्यावरचे शेवाळ. ते पाण्यातच उपजते आणि त्याच पाण्याला झाकून टाकते. वर्गात हा दृष्टान्त शिकवताना आम्ही नेहमी लगबगीने मायेकडे जातो, पाण्याकडे पाहत नाही. परंतु हा कवी गोदाकाठच्या आपेगावचा, आणि ग्रंथ सिद्ध झाला तो प्रवरेच्या काठी नेवाशाला. त्याने शेवाळ पाहिले होते. जलपर्णीचे बी परदेशातून आले हे खरे. तरी तिला पोसणारे जे काही आहे ते आपल्याच पाण्यात, आपल्याच हातून मिसळलेले आहे. आपल्यातूनच उपजलेले आपल्याला झाकते, हा बाबुळीचा अर्थ आहे. विळख्यात तो नाही.

हा अर्थ केवळ गोदावरीपुरता नाही. इंग्रजीच्या विभागात जीन ऱ्हीस यांची 'वाइड सरगॅसो सी' ही 1966 ची कादंबरी शिकवली जाते. शीर्षकातील समुद्राला ज्या तरंगत्या शेवाळावरून नाव मिळाले, ते सरगॅसम 2011 पासून कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्यांवर ढिगांनी येऊन पडते. ते कुजले की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. 2018 साली आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पसरलेल्या त्याच्या पट्ट्याचे वजन 2 कोटी टनांवर गेले होते. 2025 च्या मे महिन्यात ते सुमारे पावणेचार कोटी टनांवर पोचले. कारणांविषयी अभ्यासकांचे पूर्ण एकमत नाही. वारे आणि प्रवाह यांच्याबरोबरच ॲमेझॉनसारख्या नद्यांनी वाहून आणलेली पोषकद्रव्येही त्यांत गणली जातात. तेथे जाणारा प्रवासी आज कोणत्या किनाऱ्यावर किती शेवाळ आहे हे आधी पाहून घेतो. त्याची चिंता सुट्टीची असेल, पण तो निदान पाहतो. आम्ही घाटावर उभे राहूनही पाहिले नाही.

लातूरच्या वाचकास ही सारी चर्चा भरल्या पोटाची वाटण्याचा संभव आहे. एप्रिल 2016 मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याला पाण्यावर काय तरंगते याचे काय? आमच्यातील लातूरकराने हा आक्षेप घेतलाच. त्यास उत्तर एवढेच की कोरडी मांजरा आणि झाकलेली गोदावरी या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. नदीत वाहते पाणी उरले नाही की कोठे पात्र उघडे पडते, कोठे सांडपाण्यावर हिरवे माजते. दोन्ही नद्या शेवटी कंदकुर्तीपाशी एक होतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नदी स्वच्छ करणे हे साहित्याचे काम नव्हे. हे आम्हांस मान्य आहे. कविता लिहून जलपर्णी निघत नाही, आणि प्रचारकी कविता वाईटच असते. पण जे आहे त्याला नाव देणे हे साहित्याचे काम खचित आहे, आणि ते नाव खरे आहे की नाही हे तपासणे समीक्षेचे. गाथासप्तशतीत गोदावरी येते ती तिच्या काठावर राहणाऱ्या, तिच्यात उतरणाऱ्या माणसांसह. आपण मात्र शाळेत 'नदीचे आत्मवृत्त' लिहिल्यापासून एम. ए. पर्यंत पाठ केलेली एकच नदी लिहीत आलो. ती नदी कोणीच पाहिलेली नाही. तीच लिहिल्याबद्दल गुण मिळतात, आणि ते गुण देणारे आम्ही आहोत. विद्यार्थ्यांना डोळे नाहीत असे नव्हे. डोळ्यांनी पाहिलेले लिहिले तर गुण जातात, हे त्यांनी आमच्याकडूनच शिकून घेतले आहे.

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. निसर्गवर्णनाचा घटक शिकवताना वर्ग एकदा तरी जवळच्या पाण्याकडे न्यावा. नदी नसेल तर तलावाकडे, तोही नसेल तर नाल्याकडे. ठरावीक विशेषणे वर्ज्य करावीत. पाण्यावर काय आहे, ते कोठून आले, त्याला स्थानिक लोक काय म्हणतात, एवढेच लिहावयास सांगावे. बाबुळीचा दृष्टान्त त्यानंतर शिकवावा. तो अधिक कळेल असा आमचा विश्वास आहे.

ती विद्यार्थिनी आता उत्तीर्ण होऊन गेली आहे. शेरा वाचून तिने तेव्हा विचारले होते, "सर, पाणी दिसलंच नाही, तर त्याचा विस्तार कसा करायचा?" त्या दिवशी आम्ही तिला आदर्श उत्तरपत्रिका वाचावयास दिली होती. तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या उत्तरपत्रिकेत नव्हते, आणि गुण आता वाढवता येत नाहीत. शेरा चुकला होता, हे येथे नोंदवून ठेवतो.