जिभेलाही शाळा असते

रात्रीचे साडेआठ वाजलेत. ताटं मांडली आहेत. तुम्ही पातेल्यावरचं झाकण उचलून बघता आणि तोंडातून शब्द निघतात, "आज पण दोडका?"

झालं! आई म्हणते, "गपचूप बस आणि खा." बाबा म्हणतात, "नखरे चालायचे नाहीत." आजी म्हणते, "आमच्या वेळी जे पडेल ते खायचो." आणि तोवर मुकाट जेवणारा धाकटा भाऊसुद्धा वाटी पुढं ढकलतो, "मला पण नको." मग दहा मिनिटं युद्ध, थोडं रडणं आणि शेवटी कुणाच्या तरी ताटात चपाती-साखर. दोडका तसाच. आईचा चेहरा मात्र उतरलेला.

हे कुठल्या एका घरातलं नाही बरं का! मंगळवार पेठेत, राजारामपुरीत, कागलला, गडहिंग्लजला, सगळीकडं हेच. मोठ्यांचं म्हणणं, ही सगळी नाटकं आहेत. तुमचं म्हणणं, "खरंच घशाखाली उतरत नाही हो!" कोण खरं बोलतंय? गंमत म्हणजे दोघंही, थोडं थोडं.

आधी तुमची बाजू घेऊ.

जीभ ही आपल्या शरीराची राखणदार आहे. दारात उभी राहून ती आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, "कोण तू?" गोड लागलं की ती लगेच आत सोडते. कारण गोडात शरीराला लागणारी ऊर्जा असते. कडू लागलं की ती दार अडवते. कारण निसर्गात विषारी असणाऱ्या पुष्कळ गोष्टी कडू असतात. म्हणून तर अगदी तान्ह्या बाळाच्या जिभेला कडू लागलं की ते तोंड वाकडं करतं. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आजी दुधी चिरताना एक कापा चाखून बघते आणि कडू निघाला तर अख्खा दुधी टाकून देते, ते उगीच नव्हे. कडू दुधीनं माणूस खरोखर आजारी पडतो. तेव्हा राखणदार फार कडक आहे म्हणून त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

शिवाय सगळ्यांची जीभ सारखी नसते. १९३१ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचे शास्त्रज्ञ एक पावडर बाटलीत भरत होते. थोडी पावडर हवेत उडाली. शेजारी काम करणारा सहकारी म्हणाला, "काय कडू आहे हो हे!" फॉक्स यांना मात्र काहीच लागेना. दोघांनी चाखून पाहिली. एकाला कडूजहर, दुसऱ्याला बेचव! पुढं कळलं, की हा फरक आईवडलांकडून रक्तात येतो. २००३ साली त्यामागचं जनुकही सापडलं. कोबी, मुळा, मोहरी यांच्या कुळात त्या पावडरीशी नातं सांगणारे पदार्थ असतात. म्हणजे एकाच पातेल्यातली कोबीची भाजी बहिणीला गोडसर आणि भावाला कडवट लागू शकते. दोघंही खोटं बोलत नसतात.

आता तुम्ही म्हणाल, "बघा! आम्ही सांगत होतो ना?" थांबा. एवढ्यात टाळ्या नकोत.

कोल्हापूरच्या मुलांसाठी माझा एक प्रश्न आहे. तांबडा रस्सा आवडतो? घरी मटण होत नसेल, तर मिसळीचा कट? भाकरीवरचा खर्डा? हात वर झाले असणार! मग सांगा, हे आवडणं कुठून आलं? जन्मताना तर नक्कीच घेऊन आला नव्हता. दोन वर्षांच्या बाळाच्या जिभेवर खर्डा टेकवून कुणी बघू नये. सगळी गल्ली गोळा होईल! लहान असताना तुमच्या वाटीत खोबऱ्याच्या दुधातला पांढरा रस्साच पडत होता. नाहीतर आई फोड पाण्यात धुऊन भरवत होती.

खरं तर तिखट ही चवच नाही. ती आग आहे. मिरचीतल्या झणझणीत पदार्थाचं नाव कॅप्सायसिन. आपल्या मज्जातंतूंवर चटका ओळखणारी जी यंत्रणा असते, तीच या कॅप्सायसिननं जागी होते. डेव्हिड ज्यूलियस यांनी ती १९९७ साली शोधून काढली आणि २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. म्हणजे तांबड्या रश्श्याचा पहिला भुरका घेतला की शरीर ओरडतं, "आग! आग!" आणि आपला कोल्हापूरकर नाक पुसत म्हणतो, "वाढा अजून एक वाटी!"

आणखी एक ऐका. ही मिरची मूळची आपली नाहीच. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती आपल्याकडं आली. बटाटा आणि टोमॅटो तिचेच गाववाले. म्हणजे कुणीतरी एके काळी पहिल्यांदा मिरची चाखून नाक मुरडलं असणार. आज तिच्याशिवाय आपलं पान हलत नाही.

पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांना हेच कोडं पडलं होतं. ते मेक्सिकोतल्या एका खेड्यात गेले. तिथली माणसं आपल्यासारखीच तिखटखाऊ. रोझिन यांना दिसलं, की गावातली कुत्री आणि डुकरं उरलेलं तिखट अन्न रोज खातात. पण तिखट आणि बिनतिखट, दोन्ही समोर ठेवलं तर तिखटाची आवड त्यांच्यात दिसत नाही. गावातली मुलं मात्र पाच ते आठ वर्षांची होईतो तिखट आपणहून मागायला लागतात. त्यांना कुणी जबरदस्ती करत नाही, बक्षीसही देत नाही. मोठी माणसं खाताना ती रोज बघत असतात, एवढंच. १९८० साली त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केलं.

आता आपल्या घरातलं आठवा. तुम्ही तांबड्या रश्श्याकडं हात नेलात तेव्हा मोठी माणसं काय म्हणाली होती? "खा, खा, संपव" असं? छे! ती म्हणाली होती, "तुला नाही झेपायचं!" झालं, तुम्ही इरेला पेटलात. आधी भाकरीचा तुकडा नुसता बुडवून बघितलात. डोळ्यांत पाणी आलं, सगळे हसले, तुम्हीही हसलात. पुढच्या रविवारी दोन तुकडे. आणि एक दिवस वाटीच तोंडाला लावलीत.

दोडक्याच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. मोठ्यांचा आवाज चढतो, वाटी भरून पुढ्यात येते आणि "संपवल्याशिवाय उठायचं नाही" असा हुकूम सुटतो. मग दोडका दिसला की जिभेला भाजी आठवत नाही, भांडण आठवतं. आपल्याकडं म्हणच आहे, नावडतीचं मीठ अळणी. एकदा कुणी नावडतं ठरलं की त्याचं मीठसुद्धा खारट लागत नाही. चाखायच्या आधीच निकाल लागलेला असतो.

याचेही प्रयोग झालेत. लिअन बर्च या संशोधक बाईंनी १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांना काही अनोळखी पदार्थ चाखायला दिले. काही पदार्थ दोनदाच, काही पाच, दहा, पंधरा आणि वीस वेळा. जो पदार्थ जितक्या जास्त वेळा चाखला, तितका तो जास्त आवडला. म्हणजे एकदा खाऊन "मला नाही आवडत" म्हणणं हे शाळेच्या पहिल्या दिवशी "मला गणित येत नाही" म्हणण्यासारखंच नाही का? पुढं २००६ साली एक सुपाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. "सूप संपवा" असं मुलांना बजावलं, तेव्हा ती कुरकुरली आणि प्यायलीही कमी. कुणी काही बोललं नाही, तेव्हा ती जास्त प्यायली. हे वाक्य आईबाबांना जरूर दाखवा! पण त्याच्या आधीचं झाकून ठेवू नका.

मग करायचं काय? अमेरिकेतल्या एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात एक साधी वाटणी सुचवली. काय शिजवायचं आणि केव्हा जेवायला बसायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं काय आणि किती खायचं, हे मुलांनी ठरवायचं. दोघांनी एकमेकांच्या हद्दीत शिरायचं नाही. म्हणजे तुम्ही वेगळी भाजी मागायची नाही आणि मोठ्यांनी ताटावर पहारा द्यायचा नाही. ताटात भाकरी, भात, दही असं तुमच्या ओळखीचं काहीतरी असलं की कुणी उपाशी उठत नाही. "भाजी संपव, मग आइस्क्रीम" हा सौदाही नको. त्यातून एवढंच कळतं, की भाजी ही शिक्षा आहे आणि आइस्क्रीम ही सुटका.

एक हिशेब मात्र तुमचा तुम्हीच करायचा. सात वाजता खासबागेत भेळ हाणली तर साडेआठला दोडका कसा गोड लागणार? आणि डोळे मोबाइलवर असतील तर जीभ काय शिकणार? वर्गात खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलासारखं तिचं होतं.

दोस्तहो, जीभ माणसं बघून शिकते, हे आपण पाहिलं. पण ती भलतंही शिकते. शाळेत एखाद्याच्या डब्याकडं बघून कुणी "शी!" म्हटलं की पुढच्या मिनिटाला सगळी रांग "शी!" म्हणते. चाखलेलं कुणीच नसतं. ज्याचा डबा असतो, तो दुसऱ्या दिवसापासून झाकण अर्धवट उघडून जेवतो. तुमच्या वर्गात असा कुणी आहे का, जरा बघा.

कोल्हापुरात याहून मोठी गोष्ट घडलेली आहे. गंगाराम कांबळे यांनी इथं चहाचं हॉटेल काढलं. चहात काही खोट नव्हती. पण ते ज्या जातीत जन्मले होते तिला लोक तेव्हा अस्पृश्य म्हणत, म्हणून कुणी चहा प्यायला येईना. राजर्षी शाहू महाराजांना हे कळलं. महाराजांनी आपली गाडी त्या हॉटेलसमोर थांबवायला सुरुवात केली. स्वतः चहा मागवून प्यायचे आणि बरोबरच्या लोकांनाही पाजायचे. राजाच पितोय म्हटल्यावर बाकीचे काय बोलणार? त्या लोकांचं 'नको' हे जिभेचं नव्हतंच. ते डोक्यात बसलेलं होतं आणि तेही बघून बघूनच शिकलेलं होतं. महाराजांनी त्यावर उपायही तोच केला, सगळ्यांना दिसेल असं स्वतः पिऊन दाखवलं.

आता तुमच्याच घरातली एक गोष्ट. आज रात्री जरा लक्ष ठेवा. घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? पुष्कळ घरांत उत्तर एकच येईल, आई. आणि ती काय खाते? आपण नको म्हणून ढकललेली वाटी. तिला दोडका फार आवडतो म्हणून नाही, तो वाया जाऊ नये म्हणून! तिची आवडती भाजी कोणती, हे तुम्हाला माहीत आहे? तिला काय आवडत नाही, हे कधी विचारलंय? घरात ज्याच्या नावडीला काही किंमतच नाही, असं एक माणूस असतं आणि बहुतेक वेळा तेच स्वयंपाक करत असतं.

जाता जाता एक महत्त्वाचं. काही मुलांना खरोखर त्रास होतो. ठरावीक चार-पाच पदार्थ सोडून काही चालत नाही, घास तोंडात गेला की उलटी येते, वजन वाढत नाही. काहींना शेंगदाणा किंवा अंडं खाल्लं की अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात. आपल्याकडं तर भाजीत शेंगदाण्याचा कूट असतोच. असं होत असेल तर ते नाटक नव्हे. लाजू नका. घरी सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. अशा मित्राला गंमत म्हणूनसुद्धा "खाऊन तर बघ" असा आग्रह करू नका.

बाकीच्यांसाठी या आठवड्याचा अभ्यास असा.

पहिलं, एक नावडती भाजी निवडा. फक्त एक. ती होईल तेव्हा एक घास चाखायचा. आवडलाच पाहिजे असं नाही. पण "शी" म्हणायचं नाही, "अजून जमलं नाही" म्हणायचं. वहीत तारीख घाला. दहा घास झाल्याशिवाय निकाल लावायचा नाही.

दुसरं, एकदा आईबाबांबरोबर कपिलतीर्थच्या किंवा तुमच्या गावच्या मंडईत जा. भाजी तुम्ही निवडा, घरी येऊन तुम्हीच चिरायला मदत करा. मेथी निवडायला अर्धा तास लागतो, हे एकदा बोटांना कळलं की वाटी ढकलताना हात जरा थबकतो.

तिसरं, एक दिवस सगळ्यांनी एकत्र बसायचं. पातेली मध्ये ठेवायची आणि पहिलं ताट तुम्ही वाढायचं, आईचं. "तू आधी" म्हटल्यावर ती "बसते रे नंतर" म्हणेल. ऐकू नका! हाताला धरून बसवा.

दहा घासांनंतर तुमच्या भाजीचं काय झालं, ते आम्हाला जरूर लिहून पाठवा. पास झाली तरी लिहा, नापास झाली तरी लिहा. आणि आईची आवडती भाजी कोणती निघाली, तेही.