यावलच्या वर्गात समुद्राकाठची मर्यादवेल



चौथीच्या वर्गात मर्यादवेलीबद्दल सांगायला लागलो, तर पहिलाच प्रश्न आला, "सर, यावलला समुद्र कुठंय?" संध्याकाळी एका पालकांनी विचारलं, "हे परीक्षेत येतं का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तरी माझं मत असं, की हे फूल खानदेशातल्या मुलांनाही जरूर शिकवावं. फक्त सुरुवात समुद्रापासून न करता आपल्या नाल्यापासून करावी.

नाल्याकाठची बेशरम सगळ्या मुलांना माहीत असते. फिकट गुलाबी-जांभळं, कर्ण्यासारखं फूल. मर्यादवेलीचं फूलही तसंच, रंग जरा गडद. दोघी एकाच घराण्यातल्या. उपासाचं रताळंसुद्धा त्यातलंच! मर्यादवेलीचं पान मात्र टोकाला दुभंगलेलं, दसऱ्याच्या आपट्यासारखं. एवढं सांगितलं की न पाहिलेली वेल मुलं वहीत काढतात.

मग तिचं काम सांगायचं. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या वर ही वेल वाळूवर लांब पसरते. पेरापेराला मुळं फुटतात आणि वाऱ्याने उडणारी वाळू धरून ठेवली जाते. तिच्या बिया समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरच्या किनाऱ्याला जाऊन रुजतात.

"वाळू कशी धरते?" याचं उत्तर तोंडी देऊ नका. दोन ताटल्या घ्या. एकीत नुसती माती, दुसरीत हरळीसकट उचललेला मातीचा थर. दोन्ही तिरप्या धरून पाणी ओता. कोणती माती वाहून गेली ते मुलंच सांगतील. शेताच्या बांधावर हरळी जे करते, तेच किनाऱ्यावर मर्यादवेल करते.

एका मुलीने विचारलं, "मग आपलीला बेशरम का म्हणतात?" तोडून फेकलेली फांदीही रुजते, म्हणून. ती मूळची अमेरिका खंडातली, माणसांनीच इकडे आणलेली. शेळ्यांना ती विषारी, म्हणून फूल दाखवताना चीक हाताला लागू देऊ नका, लागलाच तर हात धुवायला लावा.

परीक्षेत हे येईल न येईल. पण उद्या हीच मुलं कोकणात सहलीला जातील. वाळूवरची वेल त्यांना कचरा वाटली, तर गंमत म्हणून उपटतील. ओळख असली, तर वाकून पान बघतील. मला एवढंच हवं आहे.