आधी आवाज, मग चित्र

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि कार्यालयांचे कामकाज घराघरांतून चालू झाले. त्याच वर्षीच्या १६ एप्रिल रोजी ‘झूम’ हे सुरक्षित माध्यम नव्हे, अशी सूचना केंद्रीय गृह मंत्रालयाने प्रसृत केली. संस्थेच्या अंतर्गत बैठका परक्याच्या यंत्रावर भरवाव्यात काय, हा प्रश्न तेव्हापासून ऐरणीवर आहे. त्याला एक उत्तर उपलब्ध आहे. स्ट्रासबर्ग विद्यापीठात २००३ साली एमिल इवोव्ह या विद्यार्थ्याने आरंभिलेल्या कामातून उभी राहिलेली ‘जित्सी’ ही मुक्त प्रणाली कोणालाही विनामूल्य घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर बसविता येते. परंतु प्रणाली बसविणे आणि ती नीट चालविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीकडे बहुधा दुर्लक्ष होते.

बैठक अडखळू लागली की तिचा जाच सर्वांना सारखा होत नाही. मुख्यालयात फायबरच्या जोडणीवर बसलेल्या अधिकाऱ्यास सारे स्वच्छ ऐकू येते. तालुक्याच्या गावी मोबाइलच्या जोडणीवर विसंबलेल्या कर्मचाऱ्याचे वाक्य मात्र अर्ध्यावर तुटते. ‘आवाज येत नाही’ असे दोन-तीनदा ऐकल्यावर तो गप्प बसतो, आणि त्याचे मौन ही संमती समजली जाते. पुढे कामाचे मूल्यमापन होते तेव्हा ‘बैठकीत सहभाग नाही’ असा शेरा त्याच्याच नावापुढे पडतो. दोष यंत्राच्या मांडणीचा, शिक्षा मात्र माणसाला, असा हा प्रकार आहे.

यावर रूढ उपाय म्हणजे अधिक मोठे यंत्र विकत घेणे. तो किती तोकडा आहे, हे साध्या हिशेबावरून दिसेल. जित्सीचा सर्व्हर चित्रे नव्याने घडवीत नाही. आलेले चित्र तो इतरांकडे पोचवितो. वीस जणांच्या बैठकीत प्रत्येकास उरलेल्या एकोणीस जणांचे चित्र धाडायचे, तर ३८० प्रवाह होतात. ठळक चित्रास सेकंदाला सुमारे अडीच मेगाबिट लागतात असे धरले, तर सर्व्हरमधून ९५० मेगाबिट बाहेर पडावे लागतील. म्हणजे एक गिगाबिटची वाहिनी जवळजवळ भरली. शिवाय प्रत्येकाच्या घरी साडेसत्तेचाळीस मेगाबिटचा ओघ पोचला पाहिजे. प्रोसेसर दुप्पट शक्तीचा आणला म्हणून या आकड्यांत फरक पडत नाही.

फरक पडतो तो काटकसरीने. बोलणाऱ्याचे एक चित्र मोठे, आणखी चौघांची लहान, प्रत्येकी दोनशे किलोबिटची, आणि बाकीच्यांचा केवळ आवाज, असे ठरविले तर प्रत्येकास ३.३ मेगाबिट आणि सर्व्हरला चित्रांसाठी एकूण ६६ मेगाबिट पुरतात. एकच चित्र लहानमोठ्या आकारांत धाडण्याची आणि दिसणाऱ्या चेहऱ्यांची संख्या मर्यादित ठेवण्याची सोय जित्सीत आहेच; ती वापरण्याची इच्छा हवी. आवाजाला तर चाळीस किलोबिटही पुरतात. चेहरे दिसल्याने विश्वास वाढतो, हा आक्षेप खोटा नाही. ओठांच्या हालचालींवरून किंवा खुणांच्या भाषेतून संवाद साधणाऱ्या कर्मचाऱ्यास तर चित्र हाच आवाज होय, आणि त्याच्यासाठी ते राखलेच पाहिजे. परंतु वीस चेहऱ्यांच्या हौसेपायी एकाचे बोलणे बुडावे, हे समर्थनीय नाही.

सर्व्हर कोठे ठेवला आहे, याचाही विचार व्हावा. एका बाजूचा आवाज दुसरीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. स्वस्त भाड्यासाठी सर्व्हर फ्रँकफुर्टला ठेवला, तर नाशिकच्या माणसाचे वाक्य सोलापूरला पोचण्यापूर्वी युरोपची वारी करून येते आणि या मर्यादेचा मोठा भाग प्रवासातच संपतो. मुंबईत तशी सोय असताना हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

कार्यालयाच्या सुरक्षाभिंतीमुळेही घोटाळा होतो. जित्सीचे चित्र आणि आवाज यूडीपी पद्धतीने, सामान्यतः १०००० क्रमांकाच्या पोर्टवरून जातात. ते बंद असेल तर टीसीपीचा आडमार्ग घ्यावा लागतो. त्यात हरवलेला तुकडा पुन्हा येईपर्यंत मागचे सारे खोळंबते. तो आडमार्ग अडचणीपुरता ठेवावा. राजमार्ग मोकळा असला पाहिजे. त्याचप्रमाणे बैठकीचे ध्वनिचित्रमुद्रण करणारा भाग आतल्या आत एक संपूर्ण ब्राउझर चालवितो. त्याला वेगळे यंत्र द्यावे, अन्यथा मुद्रणापायी बैठकच गुदमरते.

या उपायांना फारसा पैसा लागत नाही. लागते ती एका जबाबदार माणसाची नेमणूक. तुकडे किती हरवतात, आवाज किती उशिरा पोचतो, याची नोंद त्याने ठेवावी, आणि सरासरीवर समाधान न मानता सर्वांत दुबळ्या जोडणीचा आकडा व्यवस्थापनापुढे मांडावा. मालकी स्वतःकडे घेतली की देखभालही अंगावर येते. ती टाळावयाची असेल, तर स्वतःच्या सर्व्हरचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. नव्या यंत्राच्या खरेदीस मंजुरी देण्यापूर्वी संस्थाचालकांनी एक चाचणी-बैठक घ्यावी आणि सर्वांत कच्च्या जोडणीवरील कर्मचाऱ्यास तीत प्रथम बोलू द्यावे. त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकू आले, तर नवे यंत्र घेण्याची निकड उरणार नाही. ऐकू आले नाही, तर दोष नेमका कोठे आहे, याचा शोध तेथूनच सुरू करता येईल.