पक्ष, साध्य, सिद्धता

भूमितीच्या वह्या आठवतात ना मंडळी? शंभर त्रिकोण काढून कोनमापकाने मोजले आणि दर वेळी बेरीज १८० अंश आली, तरी ती सिद्धता होत नाही. एकशे एकावा त्रिकोण राहतोच. आठवीतल्या पोराला पटणारी ही गोष्ट संगणकवाल्यांना मात्र खर्चिक वाटते.

प्रोग्रॅम लिहिणारे नेहमीची कामे तयार ‘लायब्ररी’तून घेतात (पुस्तकांची नव्हे!). यादी क्रमाने लावणे हे त्यातलेच एक. त्यासाठी टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनकरिता ‘टिमसॉर्ट’ लिहिले. पुढे ते जावात आणि अँड्रॉइडमध्येही आले. यादीत आधीच क्रमाने असलेले तुकडे हुडकायचे, त्यांच्या लांब्या टिपून ठेवायच्या आणि तुकडे जोडत जायचे. नियम असा, की प्रत्येक तुकडा त्याच्या पुढच्या दोन तुकड्यांच्या बेरजेपेक्षा मोठा हवा. लांब्या टिपायला किती जागा राखायची, तेही याच नियमावरून ठरवलेले.

२०१५ मध्ये नेदरलँड्स व जर्मनीतल्या संशोधकांनी ‘की’ (म्हणजे किल्ली) नावाच्या साधनाने जावातल्या टिमसॉर्टची सिद्धता मांडायला घेतली. साध्य काय? कोणतीही यादी द्या, प्रोग्रॅम राखलेल्या जागेबाहेर जाणार नाही. सिद्धता काही पुरी होईना! कारण नियम फक्त शेवटच्या काही तुकड्यांपुरता तपासला जाई. आत खोलवर तो मोडलेला राहू शकत होता. मग त्यांनी मुद्दाम सुमारे ६ कोटी ७१ लाख नोंदींची यादी रचून प्रोग्रॅम कोसळवून दाखवला. इतकी वर्षे, इतक्या लोकांच्या वापरात असून...

मला खटकते ते पुढचे. नियम खरा करणारी दुरुस्तीही त्यांनी सुचवली होती. पायथनवाल्यांनी ती घेतली. जावावाल्यांनी राखीव जागा ४० वरून ४९ केली, बस्स! उत्तर जुळावे म्हणून आकडा फिरवणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिलेत.

प्रत्येक प्रोग्रॅमला एवढा सोस परवडणार नाही, हे मला मान्य आहे. घरचा जमाखर्च मांडणारा चुकला तर एका घराचे नुकसान. पण कोट्यवधी यंत्रांत बसलेल्या लायब्ररीला ‘आजवर चालले की’ हे उत्तर मला चालत नाही.

२०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवले, की ४९ सुद्धा अपुरे आहेत. तेव्हा कुठे जावातही नियम दुरुस्त झाला.